खिडकीजवळचं ताट

घासवाल्यांनी मान वर न करता माशाचा तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. तीन टेबलं पलीकडे, खिडकीजवळ, त्यांची लेक बसली होती. तिच्याकडे बघायचं नाही एवढंच काम होतं, आणि ते त्यांना जमत होतं. लेकीला जमत नव्हतं. ती दर दोन घासांनी इकडे बघत होती. एकदा तर तिने भुवया उडवून 'काय?' असं विचारलंसुद्धा. घासवाल्यांनी पाण्याचा पेला उचलून तोंडासमोर धरला.

मासा चांगला होता. वरून कुरकुरीत, आत मऊ, मीठ बेताचं. त्यांनी सूपचा एक चमचा घेतला, आणि खात्री करायला म्हणून आणखी एक. सूपही चांगलं होतं. त्यांचा चेहरा उतरला.

"भात वाढू थोडा, साहेब?" मामांनी विचारलं. मामा म्हणजे तिथले जुने वेटर. मालकापासून गिऱ्हाइकापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत.

"नको."

"घ्या हो. आज छान मोकळा झालाय."

मामांनी वाढला. तोही चांगला होता.

घासवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. पाणीपुरवठा खात्यात कारकुनी करता करता ते स्थानिक पेपरात रविवारी 'चार घास' नावाचं सदर लिहायला लागले होते. शहरातली आणि आसपासची हॉटेलं, खानावळी, रस्त्याकडेच्या टपऱ्या. कुठे पोटभर जेवावं आणि कुठे नुसतं पाणी पिऊन उठावं, हे त्यात असे. फुकट खायचं नाही आणि खोटं लिहायचं नाही, एवढे दोन नियम त्यांनी पाळले. लोकांचा विश्वास बसला. बाहेर जेवायला निघालेली माणसं आधी एकमेकांना विचारत, घासवाल्यांनी काय लिहिलंय? मग तेच नाव पडलं.

पुढे एका रविवारी पेपरातल्या कुणा हौशी माणसाने सदराच्या डोक्यावर त्यांचा फोटो छापला आणि पंचाईत झाली. ते कुठेही पाय ठेवत तेव्हा आत भांड्यांची आदळआपट सुरू होई आणि मालक गल्ल्यावरून उठून हात पुसत पुढे येई. उपाय त्यांच्या बायकोने काढला.

"ओळख दिसली की ताट बदलतं," ती म्हणाली. "तुमच्या ताटाचा आता भरवसा नाही. मी लांब बसते. माझ्या ताटावरून लिहा."

तेव्हापासून दर शनिवारी दुपारी दोघं बाहेर जेवायला जात आणि वेगवेगळ्या टेबलांवर बसत. काय मागवायचं ते घरीच ठरलेलं असे. ती आधी जाई, ते मागाहून. एकमेकांकडे बघायचं नाही, ही तिची सक्त ताकीद होती. जेवण झालं की ती आधी उठे आणि कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी थांबे. तिथून घरापर्यंत दोघं बोलत जात, आणि ते बोलणंही ठरल्यासारखंच असे.

"सूप काय सुंदर झालं होतं हो!"

"मला तर पाणचट लागलं."

"तुमची जीभ आहे की पायपुसणं? तुम्हाला तर खास करून वाढलं असणार, तेही कळत नाही."

 घासवाल्यांसाठी खास केलेलं त्यांना बेचव लागे आणि चारचौघांना मिळतं ते तिला चविष्ट लागे. याचा अर्थ एकच निघत होता आणि तो त्यांनी कधीच मान्य करून टाकला होता. लिहिणं त्यांचं, जीभ तिची. संसारात अशा वाटण्या होतात. ते नोकरीतून निवृत्त झाले, लेक लग्न होऊन लांबच्या शहरात गेली, शनिवार चुकला नाही.

बायको गेली त्याला आता वर्ष होत आलं होतं. आजार लहान होता, निदान सुरुवातीला तसं वाटलं होतं. पेपरात ती गेल्याच्या दोन ओळी आल्या, आणि त्यानंतर पेपरवाल्यांनी 'चार घास'ची जुनीच सदरं पुन्हा छापायला घेतली. ते किती दिवस चालणार? मागच्या महिन्यात ज्या हॉटेलची शिफारस छापली त्या जागी चष्म्याचं दुकान निघालं. चार कुटुंबं तिथे जेवायला जाऊन आली.

मधल्या काळात घासवाले एकटे काही ठिकाणी जेवून आले होते आणि एक भलतीच गोष्ट झाली होती. सगळीकडे जेवण चांगलं लागलं. नुसतं बरं नव्हे, चांगलं. इतक्या वर्षांत बाहेरचं जेवण त्यांना असं कधी लागलं नव्हतं. त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. बायको गेली आणि नवऱ्याच्या तोंडाला चव आली, हे माणूस कोणत्या तोंडाने सांगेल? त्यांच्या कमरेचा पट्टा एक भोक पुढे सरकला. मेहुणी भेटायला आली ती दारातच म्हणाली, "भावजी, मानवलंय हो तुम्हाला." तिच्या मनात काही नसेलही. घासवाल्यांनी त्या संध्याकाळी चूल पेटवली नाही.

लिहिणं तर शक्यच नव्हतं. सगळंच चांगलं लागणाऱ्या माणसाने काय लिहायचं? म्हणून चार दिवसांसाठी आलेली लेक म्हणाली, "मी बसते आईच्या जागी, बघू या जमतं का," तेव्हा ते लगेच तयार झाले.

टपालपेटीपाशी लेक कमरेवर हात ठेवून उभी होती.

"बाबा, तो मासा होता की चपलेचा तळ?"

"का?"

"का काय? एका बाजूने करपलेला, दुसऱ्या बाजूने कच्चा. आणि सूप म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. तुम्हाला कसं लागलं?"

घासवाले चालायला लागले. ती मागून आली.

"सांगा ना."

"चांगलं लागलं."

"काय चांगलं लागलं?"

"मासा. सूप. भातसुद्धा."

 लेकीने त्यांच्या हातातली पिशवी घेतली. पिशवी रिकामीच होती.

"असं होतं बाबा," ती हळू म्हणाली. "माणूस एवढ्यातून गेला की तोंडाची चव जाते. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही."

"चव गेली असती तर बरं झालं असतं."

"म्हणजे?"

"काही नाही. रस्ता बघ, सायकल येतेय."

घरी पोचेपर्यंत लेकीने सगळं ठरवून टाकलं. सदर बंद करायचं. संपादकांना नीट सांगायचं, ते समजूतदार आहेत. संपादकांचा फोन तिन्हीसांजेला आलाच. ते समजूतदार होते, पण त्यांनाही पान भरायचं होतं.

"घासवाले, तुमची जागा मी इतके दिवस धरून ठेवली. पुढच्या रविवारसाठी नवा मजकूर आला तर उत्तम. नाही आला तर एक मुलगी आहे, केकवर लिहिते. बरी लिहिते. तिला देऊन टाकतो."

"बरं."

"बरं म्हणजे लिहिताय की देऊ?"

"शुक्रवारी सांगतो."

"अहो, जुन्यासारखंच चार ओळी लिहा ना. कोण बघतंय?"

 घासवाल्यांनी फोन ठेवला आणि ते बराच वेळ स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून राहिले. शनिवार गेला तर आठवड्यात आणखी कुठला दिवस उरतो, याचा ते विचार करत होते. शिवाय एक गोष्ट जुळत नव्हती. बायको असताना चारचौघांचं ताट चांगलं होतं आणि त्यांचं बेचव. आता त्यांचं चांगलं आणि चारचौघांचं वाईट. एक तर हॉटेल बदललं होतं, नाहीतर जीभ. हॉटेलं सगळीच्या सगळी एकदम बदलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी लेक परत गेली. तिला गाडीत बसवून ते थेट त्याच हॉटेलात आले. दुपारची गर्दी ओसरली होती. मामा ओल्या फडक्याने टेबलं पुसत होते.

"या साहेब! सलग दोन दिवस? मालकांना सांगतो."

"मालकांना सांगू नका. मामा, मला काल खिडकीजवळ ज्या बाई बसल्या होत्या, त्यांना दिलं तसं जेवण द्या. तस्संच."

मामांचा हात थांबला.

"का हो? त्या बाईंनी काही तक्रार केली?"

"माझी लेक आहे ती."

"अरे देवा!" मामांनी फडकं खांद्यावर टाकून कपाळाला हात लावला. "अहो, मग आधी सांगायचं नाही का? आम्ही ओळखलंच नाही. सारखी तुमच्याकडे बघत होती, म्हटलं असेल कुणी अनोळखी बाई, पेपरातला फोटो आठवत असेल. बाईंना बघा, आम्ही पहिल्याच दिवशी ओळखलं होतं."

"कुठल्या बाईंना?"

 आपण काय बोलून बसलो ते मामांच्या लक्षात आलं. त्यांनी पुसलेलंच टेबल पुन्हा पुसायला घेतलं.

"मामा, कुठल्या बाईंना?"

"तुमच्या घरच्या हो. दुसऱ्या कुठल्या?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"आम्हाला म्हणजे, इथे सगळ्यांनाच. पलीकडच्या नाक्यावरच्या हॉटेलवाल्याला, नदीकडच्या खानावळीला... आमच्या धंद्यात गोष्ट पोटात राहत नाही साहेब."

"पण आम्ही तर एकमेकांकडे बघायचोसुद्धा नाही."

"त्यावरूनच तर कळलं," मामा म्हणाले. "अनोळखी माणूस एकदा तरी बघतो. कोण आलं, काय मागवलं, किती खातोय. तुम्ही दोघं तासभर बसायचात आणि एकदाही मान वळायची नाही. एवढं न बघणं फक्त नवरा-बायकोला जमतं."

घासवाले खुर्ची ओढून बसले. मामा उभेच राहिले. मग इकडेतिकडे बघून तेही समोरच्या खुर्चीच्या कडेवर टेकले.

"म्हणजे तिचंही ताट खास असायचं," घासवाले म्हणाले.

"तिचंही?" मामांनी मान हलवली. "बाईंचंच. तुमचं साधं असायचं."

"माझं साधं?"

"पातेल्यात असेल ते. रागावू नका. सुरुवातीला तुमच्याकडेच लक्ष द्यायचो आम्ही. मग एकदा काय झालं, मालक घाईत तुमच्या सूपमध्ये मीठच टाकायला विसरले. तुम्ही अर्धं टाकून उठलात. मालकांनी डोकं धरलं, आता रविवारी आपलं काही खरं नाही म्हणाले. रविवारी पेपर उघडतो तर काय, सूप उत्तम! तेव्हा कळलं, लिहिलं जातंय ते कुणाच्या वाटीतून. त्यानंतर बाई आल्या की मालक स्वतः चुलीपुढे उभे राहायचे. तुम्हाला मग कोण विचारतो!"

मामा हसले आणि लगेच थांबले.

घासवाल्यांनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले होते. ते हातांकडेच बघत होते.

"आणि आता?"

"आता बाई नाहीत. आता तुमचंच ताट. कालचा मासा मालकांनी आपल्या हाताने तळला. सगळीकडे तसंच करत असतील. तुम्ही एकटे येता, बघवत नाही लोकांना."

"म्हणजे मला चांगलं लागत होतं ते..."

"चांगलंच होतं की. का, नाही लागलं?"

"लागलं," घासवाले म्हणाले. त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, आणि रुमाल घडी करून परत ठेवला. मग विचारलं, "तिला हे माहीत होतं?"

"ते मी कसं सांगू?"

"मामा."

मामांनी खांद्यावरचं फडकं काढून मांडीवर घेतलं.

"एकदा आम्ही बाईंना जरा मोठा मासा वाढला. ताटाबाहेर शेपूट येत होती. बाईंनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, काही चुकलं. तर हळूच म्हणाल्या, मामा, एवढा मोठा नको, तिकडून दिसेल."

"कधीची गोष्ट ही?"

"झाली की पुष्कळ वर्षं. माझे केस काळे होते तेव्हा."

घासवाल्यांच्या तोंडून एक आवाज निघाला. मामा दचकले. त्यांना वाटलं, साहेबांना ठसका लागला, आणि ते पाणी आणायला उठले. पण घासवाले हसत होते. खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी ते हसणंच होतं. गल्ल्यावरून मालकाने मान लांब करून बघितलं.

"तिकडून दिसेल," घासवाले म्हणाले. "आणि मला पायपुसणं म्हणायची."

"काय म्हणायच्या?"

"काही नाही. मामा, सगळं नीट मिळायचं ना तिला? प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी. बाईंना शिळा पाव गेला नाही कधी इथून."

"बाकीच्या ठिकाणी?"

"तिथेही तसंच असणार. गावात सगळ्यांना पेपर वाचता येतो."

घासवाल्यांनी मान डोलावली. थोड्या वेळाने म्हणाले, "आणा आता. पातेल्यातलं."

"अहो, मालक ओरडतील मला."

"ओरडू देत. आणा."

मामांनी आणलं. ताट ठेवताना त्यांनी ते जरा जास्तच सरळ ठेवलं, आणि निमूट बाजूला झाले. घासवाल्यांनी सूपचा चमचा तोंडात घेतला. पाणचट. मासा मोडायला गेले तर तो एका बाजूने तुटेना. भाताचे गोळे झाले होते. ही चव त्यांना पाठ होती. किती शनिवार त्यांनी हेच ताट पुढे घेऊन काढले होते, जेवण खास आहे आणि आपल्याला ते कळत नाही असं समजून. कळत होतं. सगळं अगदी बरोबर कळत होतं.

लोकांनी मात्र बाईंच्या ताटातलं वाचलं होतं आणि साहेबांच्या ताटातलं खाल्लं होतं. हा विचार त्यांच्या मनात आला तेव्हा त्यांनी चमचा खाली ठेवला. मग मान वर केली आणि खिडकीजवळच्या टेबलाकडे सरळ बघितलं. तिथे एक माणूस जेवत होता. त्याच्या ताटातला मासाही करपलेला होता. तो मुकाट्याने काटे काढत होता. पुढच्या खेपेला तो पेपर वाचून येणार होता की न वाचता, कुणास ठाऊक.

घासवाल्यांनी चमचा पुन्हा उचलला आणि शेवटच्या शितापर्यंत ताट संपवलं.

निघताना मालक पुढे आला. त्याचा चेहरा पडला होता. मामांनी सांगितलं असणार.

"साहेब, आज जरा... उद्या याल का? उद्या करून ठेवतो नीट."

"माझ्यासाठी नको. रोज करत जा," घासवाले म्हणाले. त्यांनी पैसे ठेवले. मालक नको नको म्हणत असताना ठेवले, आणि ते बाहेर पडले.

शुक्रवारी त्यांनी मजकूर पाठवला. त्याच संध्याकाळी लेकीचा फोन आला.

"बाबा, बंद करतोय म्हणून कळवलंत ना?"

"नाही. लिहून पाठवलं. तुझं बरोबर होतं, मासा करपलेला असतो तिथे."

"पण मग तुम्हाला चांगला कसा लागला?"

"मला वेगळा दिला होता."

"बघा! आई म्हणायचीच. ओळख दिसली की ताट बदलतं."

"हो," घासवाले म्हणाले. "तिला पक्कं ठाऊक होतं."

लेकीने आणखी काही विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. फोन ठेवतात तोच तो पुन्हा वाजला. संपादक होते.

"घासवाले, मजकूर वाचला. बापरे! इतकी वर्षं कुणाला दुखवलं नाहीत आणि आता एकदम सूप पाणचट, मासा करपलेला, भाताचे गोळे. छापतो, छापतो. फक्त शेवटच्या ओळीत काहीतरी घोटाळा झालाय बघा."

"कसला?"

"एवढी नावं ठेवल्यावर खाली लिहिलंय, 'मी ताटात काही टाकलं नाही.' लोक म्हणतील, वाईट होतं तर संपवलं कशाला? काढून टाकू ना?"

घासवाल्यांनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"नको," ते म्हणाले. "राहू दे."